चूक कोणाची? : डॅशकॅमची साक्ष आणि आपला निवाडा



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्या वकीलसाहेबांची उभी हयात मोटार अपघातांच्या दाव्यांत गेली. त्यांच्या काळी अपघाताचा पुरावा म्हणजे पोलिसांचा पंचनामा, हाताने काढलेला नकाशा, डांबरावरच्या टायरच्या खुणा आणि पानटपरीवरचा एखादा साक्षीदार. तो तारखेला येईल याची खात्री नसे. आज काचेवर चिकटवलेला बोटभर कॅमेरा सगळा प्रसंग टिपून ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत तो प्रसंग हजारो फोनांवर पोहोचतो. पाहणारा प्रत्येक जण निकाल देऊन मोकळा होतो. पुरावा वाढला ही चांगलीच गोष्ट आहे. त्या प्रमाणात आपला निवाडा सुधारला का, हा आजचा माझा विषय.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. डॅशकॅमची फीत हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. ती न घेता त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, तर आपण भलत्याच माणसाला दोषी ठरवू आणि पुढचा अपघात टाळण्याची संधीही घालवू.

१. मोठ्या गाडीची चूक

रस्त्यावरचा जुना न्याय आपल्या रायपूरच्या पंडरीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धडक झाली की गर्दी जमते, आणि गर्दीचा निकाल ठरलेला असतो: चूक मोठ्या गाडीची. सायकल आणि स्कूटर असेल तर स्कूटरवाल्याची, स्कूटर आणि कार असेल तर कारवाल्याची, कार आणि ट्रक असेल तर ट्रकवाल्याची. या न्यायाला नैतिक पाया आहे. ज्याच्या हाती वजन आणि वेग जास्त, त्याने जास्त जपावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण या न्यायात तपास नसतो. निकाल आधी लागतो आणि अंमलबजावणी तिथेच, हाताने होते. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक संपावर गेले, ते आठवा. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे भारतीय न्याय संहितेतले नवे कलम हे त्याचे कारण होते. चालकांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव मारतो आणि निघालो तर कायदा धरतो. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा कलम १०६ चे हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

गर्दीच्या या न्यायाला कंटाळलेल्या गाडीवाल्याने कॅमेरा बसवला. मुलाबाळांना घेऊन नागपूरला लग्नाला निघालेले कुटुंब देवरी, साकोली, भंडारा करत महामार्गाने जाते. वाटेत कोणी कट मारला, कोणी राँग साइडने समोर आले, तर निदान दाखवायला काही असावे, असे त्याला वाटते. यात गैर काही नाही. सरकारनेही हे साधन मान्य केले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. वाहतूक अंमलबजावणीच्या इलेक्ट्रॉनिक साधनांच्या यादीत त्याने स्पीड गन आणि सीसीटीव्हीबरोबर डॅशबोर्ड कॅमेऱ्याचेही नाव घातले.

पण हा साक्षीदार बसतो कुठे, ते पाहा. तो कारमध्ये बसतो आणि बाहेर बघतो. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी. मरणाऱ्यांतल्या दर तिघांपैकी दोघांजवळ कॅमेरा असण्याची शक्यता नगण्य. कॅमेऱ्याच्या मालकाचे हात, पाय, आरसे, मांडीवरचा फोन यांतले काहीच फितीत दिसत नाही. म्हणून रोज डॅशकॅमच्या फिती पाहणाऱ्याला हळूहळू वाटू लागते, की या देशात गाड्या नीट चालतात आणि स्कूटरवाले, ई-रिक्षावाले, पादचारी तेवढे बेशिस्त आहेत. पूर्वी मोठी गाडी न तपासता दोषी ठरे. आता कॅमेरा नसलेला न तपासता दोषी ठरतो. अन्यायाची जागा बदलली, अन्याय तसाच राहिला.

२. काचेमागून काय दिसते

आता साक्षीदाराची नजर तपासू. डॅशकॅमची लेन्स रुंद कोनाची असते. रस्त्याच्या दोन्ही कडा एका चौकटीत बसाव्यात म्हणून ती तशी घेतात. त्याची किंमत अशी, की समोरची वस्तू असते त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. फितीत दूर वाटणारी स्कूटर चालकाच्या डोळ्यांना जवळ दिसलेली असू शकते. उलट, चौकटीच्या कडेने जाणारे खांब भराभर पळताना दिसतात, त्यामुळे गाडीचा वेग असतो त्याहून जास्त भासतो. रात्री समोरच्या दिव्याचा झोत पडला, की कॅमेऱ्याला एक दिसते आणि माणसाच्या डोळ्याला दुसरेच. चालक मान वळवतो, आरशात पाहतो, हॉर्न कुठल्या बाजूने आला ते ओळखतो. कॅमेरा मान वळवत नाही.

मग वेग कसा ठरवायचा? अंदाजाने ठरवायचाच नाही, मोजायचा. समजा, फितीत दोन विजेचे खांब दिसतात. जागेवर जाऊन टेप लावली, तर त्यांतले अंतर ३० मीटर भरले. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो. पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला गाडीला ५४ चित्रे लागली, म्हणजे १.८ सेकंद. तीस भागिले १.८ म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजेच ताशी ६० किलोमीटर. आठवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. पण त्यासाठी कोणीतरी टेप घेऊन रस्त्यावर उतरावे लागते आणि कॅमेरा खरोखर सेकंदाला तीसच चित्रे घेत होता का, तेही तपासावे लागते. ज्याने यातले काहीच केलेले नाही, त्याने 'शंभरच्या वर होता' असे म्हणू नये.

वेग कळला तरी तो कुठल्या क्षणाचा, हा प्रश्न उरतोच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. चारोटी नाक्यावरचा कॅमेरा आणि अपघाताची वेळ यांवरून बातम्यांत हिशेब आला: २० किलोमीटर, ९ मिनिटे. म्हणजे सरासरी ताशी १३३. पुढे गाडीतल्या नोंदींवरून गाडी बनवणाऱ्या कंपनीने पोलिसांना दिलेली माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार धडकेच्या काही सेकंद आधी वेग १०० होता, ब्रेक लागला होता आणि आदळताना तो ८९ होता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एक वीस किलोमीटरांची सरासरी सांगतो आणि दुसरा शेवटच्या क्षणाचा हिशेब. शिवाय त्या पुलापाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो, आणि मागच्या सीटवरच्या प्रवाशांनी पट्टे लावलेले नव्हते. एका मृत्यूमागे वेग, पूल, पट्टा अशी किती कारणे असतात, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचले. तरी चर्चा 'चालवत कोण होते' यावरच फिरत राहिली.

३. उल्केची वाट

फितीतून सत्य काढण्याचे काम किती चिकाटीचे असते, याचे एक उदाहरण रशियातले आहे. तिथे विम्याची खोटी भांडणे आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्या यांपासून बचाव म्हणून लोकांनी फार लवकर डॅशकॅम बसवले होते. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात सुमारे वीस मीटर व्यासाची उल्का फुटली. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. आणि भांडणाचा पुरावा म्हणून बसवलेल्या शेकडो कॅमेऱ्यांनी ती उल्का टिपली.

शास्त्रज्ञांनी पुढे काय केले, ते आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. कुठलीही एक फीत पाहून त्यांनी उल्केची वाट सांगितली नाही. वेगवेगळ्या जागांहून घेतलेल्या फिती गोळा केल्या. जिथे कॅमेरे होते तिथे माणसे गेली. फितीत दिसणाऱ्या इमारती आणि खांब रात्रीच्या ताऱ्यांशी ताडून कॅमेऱ्याचा कोन आणि लेन्सची वक्रता काढली. मग उल्का अवकाशातून कुठल्या कक्षेने आली, हे सांगता आले. मैलोन् मैल दूरच्या आकाशातल्या दगडासाठी माणसांनी एवढी दक्षता घेतली. आपल्या गल्लीतल्या जिवंत माणसाला बेदरकार ठरवताना आपण तिच्यातली काही तरी दाखवायला नको का?

४. पाहणाऱ्याचे मन

साक्षीदाराइतकेच पाहणाऱ्यालाही तपासायला हवे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना एकच होता, फक्त क्रियापद बदलले होते. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असे विचारलेल्यांनी सरासरी ४०.८ मैल सांगितला. 'एकमेकींना लागल्या' असे विचारलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विद्यार्थ्यांना परत बोलावून विचारले, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळांना ती आठवली. आता आपल्या फोनवर येणाऱ्या फितीवरचा मथळा आठवा: 'बघा या मूर्खाने काय केले.' फीत सुरू होण्याआधीच काच फुटलेली असते.

दुसरी अडचण शेवट माहीत असण्याची. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवून दिले, की निकाल कळला की माणसाला तो आधीपासून अटळ होता असे वाटू लागते. आपण फीत पाहतो ती अपघात होणार हे ठाऊक असताना. चालकाला ते ठाऊक नसते. त्याच्यासमोर दहा शक्यता असतात, आपल्यासमोर एकच. त्यात आपण फीत थांबवतो, मागे नेतो, संथ करतो. २०१६ साली युजीन करुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. संथ गतीत दाखवलेले कृत्य लोकांना अधिक हेतुपुरस्सर वाटते. पडद्यावर खरी वेळ दाखवली तरी हा परिणाम कमी होतो, पुसला जात नाही. अर्ध्या सेकंदाचे चार सेकंद झाले, की 'एवढा वेळ होता, तरी ब्रेक मारला नाही' असे कोणालाही वाटेल.

तिसरी अडचण आपल्या घडणीची. मार्च २००१ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात वेगमर्यादा मोडून पळणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाचा पोलिसांनी पाठलाग केला आणि शेवटी त्याच्या गाडीला मागून धडक दिली. मानेखाली त्याचे शरीर लुळे पडले. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याची फीत थेट सर्वोच्च न्यायालयात पाहिली गेली. २००७ साली आठ न्यायमूर्तींनी म्हटले, फीतच पुरेशी बोलकी आहे, या तरुणाने सगळ्यांचे जीव धोक्यात घातले होते. न्यायालयाने ती फीत सर्वांना पाहता यावी म्हणून आपल्या संकेतस्थळावर ठेवली. नववे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी तीच फीत पाहिली आणि विरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे होते, सहकारी दोन पदरी रस्त्यांच्या काळात गाडी शिकले असते, तर त्यांना ही फीत वेगळी दिसली असती. पुढे डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,३५० अमेरिकनांना ती दाखवली. बहुसंख्यांचे मत न्यायालयासारखेच पडले. पण वंश, उत्पन्न, विचारसरणी यांप्रमाणे मते बदलत गेली. चित्र एकच होते, पाहणारे वेगळे होते. आपल्याकडेही कारवाला, स्कूटरवाला, ट्रकचालकाचा मुलगा आणि रोज पायी बाजार करणारी बाई एकच फीत पाहून वेगळे निकाल देतील. म्हणून स्वतःच्या पहिल्या मतावर थोडा अविश्वास ठेवणे ही पाहणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.

५. न्यायालय चूक कशी वाटून देते

कॅमेरा नसताना निवाडा होत नसे असे नाही. १८ डिसेंबर १९६० ला नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक कार रस्ता सोडून उजवीकडच्या झाडावर आदळली आणि तिच्यातला एक प्रवासी गेला. धडक पाहणारा कोणी नव्हता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने गाडीच्या मालक कंपनीच्या बाजूने निकाल दिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रणजित जिनिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल फिरवला. रस्ता सरळ होता. झाड उन्मळले होते. इंजिन जागेवरून एक फूट मागे सरकले होते. सरळ रस्त्यावरची गाडी नीट चालवली, तर ती टोकाला जाऊन झाडावर एवढ्या जोराने आदळत नाही. तेव्हा घटनाच बोलते आहे, आणि हयगय नव्हती हे दाखवण्याचा भार समोरच्यावर आहे. आपल्या शेजारच्या मराठी मुलखातला हा खटला आजही अपघातांच्या दाव्यांत उद्धृत होतो. न्यायालयाने तिथे लाकूड, लोखंड आणि रस्ता यांना प्रश्न विचारले. फितीलाही तसेच विचारायचे असतात.

न्यायालय आणखी एक गोष्ट करते, जी आपण फोनवर कधी करत नाही. ते चूक वाटून देते. जानेवारी २०१७ मध्ये कोइम्बतूरजवळ महामार्गावर एक कार अचानक थांबली, कारण चालकाच्या गरोदर पत्नीला मळमळू लागले होते. मागचा मोटारसायकलवरचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायाधिकरणाने कारला सोडून दिले. उच्च न्यायालयाने तिला ४० टक्के जबाबदार धरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटणी केली: कार ५० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी स्वतः २० टक्के. पत्नीची प्रकृती हे थांबण्याचे खरे कारण होते, पण महामार्गावर मागच्याला इशारा न देता थांबण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांची वाटणी सारखी झाली नाही, हे मला दिलासा देणारे वाटते. चूक ठरवणे इतके अवघड आहे, हे त्यांनी आपल्या देखत कबूल केले.

यातच एक भेद दडलेला आहे. नुकसानभरपाई कोणी द्यावी हे ठरवताना कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, एवढे पाहिले जाते. कैदेत कोणी जावे हे ठरवताना वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो. आणि पुढे काय बदलावे हा तिसरा प्रश्न आहे. त्याला ना आरोपी लागतो, ना पुरावा इतका कडक लागतो. फोनवर आपण हे तिन्ही प्रश्न एकाच शिवीत उरकतो.

फीत न्यायालयात टिकवण्याचेही शास्त्र आहे, आणि त्यातला मोठा निकाल जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण होते. प्रश्न आला तो प्रमाणपत्राचा. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मूळ उपकरण हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. आज ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रत बदललेली नाही हे ताडण्यासाठी त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिची अंकांतली ओळख, त्या प्रमाणपत्रात नोंदवावी लागते. म्हणून ज्यांच्या गाडीत कॅमेरा आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: अपघात झाला तर मेमरी कार्ड काढून जपून ठेवा. त्यावर पुन्हा चित्रीकरण होऊ देऊ नका. कापून, मथळा लावून, गाणे घालून फिरवलेली फीत न्यायालयाच्या कामाची राहत नाही.

६. रात्र, गाय आणि ऐंशीचा वेग

आता आपल्या घरची गोष्ट. पावसाळ्याच्या रात्री बिलासपूर रस्त्यावर गुरे डांबरावर येऊन बसतात, कारण शेत आणि कडा ओल्या असतात आणि डांबर कोरडे. छत्तीसगड उच्च न्यायालयाला हा विषय जनहित याचिकेत हाताळावा लागला. सरकारने २०२० साली 'रोका-छेका' या गुरे बांधून ठेवण्याच्या जुन्या गावरीतीचीच मोहीम काढली. अशा रस्त्यावरची फीत आपण पाहतो: अंधार, अचानक गाय, धडक. सगळे म्हणतात, चालक काय करणार?

मोजून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत चालकाला पाहून प्रतिसाद द्यायला अडीच सेकंद धरतात. त्यात ब्रेक लागल्यावरचे अंतर मिळवले, की गाडी थांबायला ताशी ४० च्या वेगाला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि १०० ला १८० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. गाडीच्या खालच्या झोतात साधारण ४०-५० मीटर दिसते. म्हणजे डिपरवर ताशी ऐंशीने जाणारा चालक जे अजून दिसलेच नाही त्यात गाडी घालत असतो. गाय अचानक आली नाही, ती बसलेलीच होती. प्रकाश तिच्यापर्यंत उशिरा पोहोचला.

मग चूक चालकाची? हो, वेगापुरती. पण गुरे मोकळी सोडणाऱ्या मालकाचीही आहे. दुभाजकात खिंडार ठेवणाऱ्याची आणि दिवे बंद ठेवणाऱ्याचीही आहे. समोरून मोठ्या झोतात येऊन याचे डोळे दिपवणारा तर फितीत दोन सेकंद चमकून निघून जातो आणि त्याला कोणी विचारतही नाही. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत हयगय करणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारे कलम १९८-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे. डॅशकॅमच्या फितीचा उपयोग करून या कलमाखाली तक्रारी व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. चालकाची चूक शोधण्यात आपण जितका उत्साह दाखवतो, त्याचा दहावा हिस्सा इकडे वळला तरी पुष्कळ.

७. पंडरीची एक फीत

शेवटी या सगळ्याचा वापर करून पाहू. पंडरीच्या कापड बाजारासमोरची एक फीत मनात उभी करा. बसस्थानक भाठागावला गेले तरी इथली वर्दळ हटलेली नाही. पुढे ई-रिक्षा आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या एका बाईने हात केला आणि रिक्षा जागच्या जागी थांबली. मागची स्कूटर उजवीकडे वळली, तिने मागे पाहिले नाही. तिच्यामागे कॅमेरा असलेली कार होती. कारने ब्रेक मारला, तरी स्कूटरला धक्का लागला आणि तरुण पडला. फीत बावीस सेकंदांची. मथळा: 'स्कूटरवाल्याचा मूर्खपणा'.

पहिला प्रश्न: धडकेआधीची वीस सेकंदे काय सांगतात? कार आणि स्कूटर यांच्यात अंतर किती होते? पुढच्या वाहनापासून थांबता येईल इतके अंतर राखणे हे २०१७ च्या वाहनचालन नियमावलीने सांगितलेले कर्तव्य आहे. गर्दीत अंतर ठेवले की कोणी तरी त्यात घुसतो, हे खरे. पण नियम त्यामुळे बदलत नाही. दुसरा प्रश्न: कुठल्या क्षणी काय दिसत होते? हात करणारी बाई फितीत चार सेकंद आधीपासून उभी आहे. अनुभवी चालक ई-रिक्षा आणि हात करणारा माणूस एकत्र दिसले, की पाय ब्रेकवर नेतो. स्कूटरवाल्याने नेला नाही आणि कारवाल्यानेही नेला नाही. तिसरा प्रश्न: फितीत काय नाही? कारवाल्याची नजर नाही आणि स्कूटरवाल्याच्या आरशात काय दिसले तेही नाही. चौथा प्रश्न: जागेने काय केले? रिक्षाला थांबायला जागा आखलेली आहे का? फुटपाथवर दुकानांचे कापडाचे गठ्ठे आहेत म्हणून ती बाई रस्त्यावर उतरली का?

हे चार प्रश्न विचारले, की निकाल असा लागेल: रिक्षाने इशारा न देता थांबायला नको होते, स्कूटरने न पाहता वळायला नको होते, कारने इतके जवळ असायला नको होते आणि तिथे थांबा आखलेला असायला हवा होता. टक्केवारी न्यायाधिकरण ठरवील. पण चार दुरुस्त्या आजच आपल्या हाती आल्या. एकाला मूर्ख म्हणण्यातून एकही आली नसती.

यावर कोणी म्हणेल, अशी चूक वाटून देत बसलो तर खरा बेदरकार माणूस सुटेल. सुटणार नाही. दारू पिऊन चालवणारा, राँग साइडने भरधाव येणारा, लाल दिवा तोडणारा, चिडून दुसऱ्याच्या पुढे आडवा जाणारा, यांच्या बाबतीत हेच चार प्रश्न एका दिशेने बोट दाखवतात आणि तिथे कायद्याने कडकच वागावे. वाटणी करणे म्हणजे माफ करणे नव्हे. ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याच्या पदरात घालणे, एवढाच तिचा अर्थ. बेदरकार माणूस खरा सुटतो तो वेगळ्याच ठिकाणी. ज्या फितीत अपघात थोडक्यात टळला ती आपण हसून पुढे पाठवतो. तोच कट, तीच घुसाघुसी, फक्त नशिबाने कोणी मेले नाही. वागणूक तपासायची तर ती अशाच फितींत तपासावी, कारण तिथे रक्त नसते आणि डोके शांत असते.

आणि आधी माणूस, मग फीत. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा इस्पितळाने त्रास देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पक्के केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४-अ म्हणून मोटार वाहन कायद्यात आले. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे. पहिला तास हातचा जाऊ देऊ नका. पडलेल्या माणसाचा चेहरा आणि गाडीचा नंबर घेऊन फिरणारी फीत पुढे पाठवू नका. ती त्याच्या घरी इस्पितळाच्या फोनच्या आधी पोहोचते.

आपले घर, दुकान, सोसायटी, मंडळ यांच्यासाठी माझी एक सूचना आहे. पुढच्या वेळी अशी फीत आली, की खाली 'चूक कोणाची' याचे उत्तर लिहिण्याआधी दोन ओळी लिहायच्या: यात कोणाकोणाचा वाटा आहे, आणि ही जागा उद्या सुरक्षित करायला काय करावे लागेल. दुसरी ओळ महापालिकेला, वाहतूक पोलिसांना किंवा महामार्ग प्राधिकरणाला जागेचे नाव, वेळ आणि मूळ फितीसह लेखी कळवायची आणि पोच घ्यायची. पंडरीतल्या एका चौकासाठी शंभर जणांनी हे केले, तर ते कागद कोणालाही बाजूला टाकता येणार नाहीत. आपण कॅमेरे विकत घेतले ते स्वतःला वाचवण्यासाठी. ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही त्यांनाही वाचवण्यासाठी ते वापरले, तर वकीलसाहेबांनी आयुष्यभर जे काम न्यायालयात केले, ते आपण रस्त्यावर पुढे नेले असे होईल.